हजेरीच्या नाडीची गाठ

मित्रांनो, शाळेच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली दबून बसलेला जो जुना लाकडी पेटारा दिसतो ना, तो मी. खुर्च्यांना पाय उरले नाहीत, म्हणून त्या माझ्यावर बसल्या आहेत. मला पाय आहेत, पण मला कुणी कुठे नेत नाही.

सुताराने मला घडवलं तेव्हा काय रुबाब होता माझा! जाड फळ्या, पितळी कडी, पोटात कप्पे. "शाळेचा पेटारा म्हणजे पोरं बसणारच," असं म्हणत त्याने झाकणाच्या कडा गोल घासल्या होत्या.

बाईंच्या टेबलाला लागून माझी जागा होती. वर्गाचा सगळा कागदी संसार माझ्या पोटात असायचा. हजेरी, निकाल, मुलांची चित्रं, बाईंची टिपणं. प्रत्येक गठ्ठ्याला सुती नाडी आणि नाडीला गाठी. आवरताना बाई गुणगुणायच्या,

एक गाठ हजेरीला, दोन गाठी निकालाला,
तीन गाठी चित्रांना गं, बिनगाठीची ती मला.

मुलांना ते नुसतं गाणं वाटे. मलाही आधी तसंच वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं, बाई माझ्या पोटात बघतच नाहीत. मान वर, बोलणं मुलांशी, आणि हात आपला खाली गाठ चाचपतो आहे.

बाईंची नजर विझत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. वर्ष सरलं की बाई निवृत्त होणार होत्या. तेवढं एक वर्ष त्यांना आपल्या वर्गात काढायचं होतं. शाळा सुटली की माझ्यावर बसून म्हणायच्या, "कळलं तर आजच वर्ग काढून घेतील रे. मग घरी बोलू कुणाशी? घड्याळाशी? ते मेलं माझं ऐकून कुठं घेतं, आपलीच टिकटिक!"

उत्तरं त्या कानांनी तपासायच्या. मुलाला माझ्यावर बसवायचं आणि म्हणायचं, "वाच मोठ्याने." चुकीपाशी मूल आपसूक अडखळे. "थांबलास ना? तिथंच आहे बघ."

एकदा बाईंची बहीण आजारी पडली आणि बाई काही दिवस तिच्याकडे गेल्या. शेजारच्या वर्गाचे तरुण सर वर्ग सांभाळायला आले. मन सोन्यासारखं, पण हातांना दम नाही. माझं झाकण उघडून म्हणाले, "केवढा हा पसारा! चला रे, बाई येईपर्यंत चकाचक करू."

मुलांना तेच हवं होतं. सगळे गठ्ठे बाहेर निघाले. रंगीत फायली आल्या, त्यांवर बारीक, सुबक अक्षरांत नावं आली.

"शी! नाड्या किती मळल्यात!"

"आणि गाठी बघ. बाईंना नाडी बांधता येत नाही वाटतं!"

सगळे खो खो हसले. नाड्या केरात गेल्या. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण लाकडाचं ओरडणं ते किती? नुसती करकर. "सर, पेटारा फार कुरकुरतोय," म्हणत एकाने बिजागरीत तेल सोडलं. माझा तेवढा आवाजही गेला.

बाई परतल्या. वर्ग श्वास रोखून बसला. सर दारात उभे. बाईंनी झाकण उघडलं आणि हात आत घातला. बोटं या फायलीवरून त्या फायलीवर फिरली. सगळ्या सारख्याच गुळगुळीत. एकही गाठ नाही.

"छान केलंत रे," त्या म्हणाल्या. हाताला आली ती फाईल उघडून हजेरी घेऊ लागल्या. सगळी नावं पाठ होती, आडनावांसकट. एकही चुकलं नाही.

"बाई," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ही तर चित्रांची फाईल आहे."

बाईंनी कागदावरून बोट फिरवलं.

"हो गं बाई. चित्रंच बघत होते, तुमचीच तर आहेत," त्या हसल्या. मुलंही हसली. सर हसले नाहीत.

शाळा सुटल्यावर ते आले. "केव्हापासून, बाई?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. जवळ धुकं, लांब धुकं. मधलं तेवढं बोटांना दिसायचं, ते तुम्ही आवरलंत." मग हळूच, "मोठ्या बाईंना सांगणार?"

सर तडक बाहेर गेले. बाई माझ्यावर बसून राहिल्या. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"मामा, त्या जुन्या नाड्या फेकल्यात का हो?"

"मी काही फेकत नसतो, सर," शिपाईमामा म्हणाले. "झाडू बांधलाय त्यांनी. आता झाडूचं टक्कल करता काय?"

सर धुळीने माखलेल्या नाड्या घेऊन आले, माझ्यापाशी मांडी घालून बसले. "कुठली कशाला, तेवढं सांगा." बाईंनी गाणं म्हटलं. सरांनी तरी निकाल आणि चित्रांची अदलाबदल केलीच. बाईंनी गाठी चाचपून त्यांच्या हातावर चापट मारली. "तीन म्हणजे चित्रं! वर्गात लक्ष नसतं तुमचं!"

बाईंचं वर्ष पुरं झालं. निकाल सरांनी त्यांना वाचून दाखवला आणि बाहेर अवाक्षर काढलं नाही.

शेवटच्या दिवशी, वर्ग रिकामा झाल्यावर, बाईंनी एकेक गाठ सोडली. "पुढच्यांना कोडं नको." हजेरीची मात्र सुटेना. रोज ओढली जाऊन ती घट्ट बसली होती. नखं लावली, दात लावले. शेवटी ती नाडी माझ्या आतल्या खिळ्याला अडकवून त्या म्हणाल्या, "राहू दे. तू सांभाळ." झाकण लागलं. त्यावर तळहात टेकला, आणि उचलला गेला.

नव्या बाईंना लोखंडी कपाट मिळालं. मला ही खोली.

मित्रांनो, दुसऱ्याचं आवरायला जाल तेव्हा आधी त्याला विचारा. तुम्हाला पसारा दिसतो, तिथे कुणाची तरी रोजची वाट असते. आणि कधी या खुर्च्या बाजूला सारून माझं झाकण उघडलंत, तर डोळे मिटून आत हात घाला. एक गाठ लागेल. ती सोडू नका. बिजागरीतलं तेल केव्हाच वाळलं आहे, माझी करकर परत आली आहे. बाईंनी येऊन नाव घेतलं, तर 'हजर' म्हणायला तेवढी मला पुरे.