मागच्या काचेचा आवाज

“हां! आत्ता! ऐकलंस?” बाबलशेट मागच्या सीटवरून ओरडले.

“होय शेट,” धोंडू म्हणाला. त्याने काहीच ऐकले नव्हते.

गाडी शिरोड्याहून वेंगुर्ल्याला निघाली होती आणि आरवलीच्या वळणावर शेटांना तो आवाज पुन्हा ऐकू आला होता. बारीक, कुंय करून, उंदराच्या पिल्लासारखा. गेले तीन आठवडे शेटांचे अन्नावरून मन उडाले होते ते या आवाजापायी. धोंडूने दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिले, सीटखालच्या स्प्रिंगा पुसल्या, चारही चाके काढून परत बसवली. शेटांचे म्हणणे एकच, आवाज आहे.

खाणीच्या जोरावर शेटांनी बासष्ट साली मुंबईहून ही विलायती गाडी आणली. लांबलचक, सायीच्या रंगाची. शिरोड्याच्या रस्त्यावर ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड होता. पण इतकी मोलाची वस्तू दारात आली की माणसाला सुख लागायला हवे, तसे शेटांचे झाले नाही. गाडीतले घड्याळ आठवड्याला दोन मिनिटे मागे पडे. विडीची राख झाडायच्या डबीचे झाकण दोनदा दाबावे लागे. डाव्या दाराचा रंग उजव्यापेक्षा किंचित पिवळा आहे हे तर त्यांच्याखेरीज कोणालाच दिसत नसे. दर महिन्याला मुंबईच्या विक्रेत्याला पत्र जाई आणि उलट टपाली गोड शब्दांत नकार येई. मानपानात व्याह्याने हात आखडता घेतल्यासारखे शेट ते पत्र चारचारदा वाचत. गाडीत बसले की ते मराठीही पुण्याची बोलत. उतरल्यावर पुन्हा मालवणी.

“गुरुवारी दिल्लीचे साहेब येतायत खाण बघायला,” शेट म्हणाले. “त्यांच्यासमोर गाडी अशी कुंयकुंय केली तर माझी शोभा. बुधवारपर्यंत आवाज गेला नाही तर मी बेळगावहून ड्रायव्हर आणतो.”

“होय शेट.”

धोंडूला भीती वाटली ती नोकरीची होतीच, पण त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीची. अकरा वर्षे तो आगबोटीच्या इंजिनखोलीत तेलवाला होता. यंत्र तापले की नाही हे तो नुसत्या तळहाताने सांगे, आणि त्या हातावरच शेटांनी त्याला ठेवून घेतला होता. पण त्या खोलीतल्या गदारोळाने त्याच्या कानांतले बारीक आवाज ठेवून घेतले होते आणि जाड तेवढे परत दिले होते. भोंगा ऐकू येई, शेटांचा आवाज ऐकू येई. चिमणी, पैंजण, ही कुंयकुंय, यांतले काही येत नसे. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. बहिरा ड्रायव्हर म्हणून एकदा बोभाटा झाला असता तर रेडीपासून कुडाळपर्यंत त्याच्या हातात कोणी चाक दिले नसते.

मंगळवारी दुपारी शेट जेवून आडवे झाले तशी धोंडूने गाडी काढली आणि थेट आपल्या घराच्या बेड्यासमोर, फाटकाशी नेऊन उभी केली. त्याची बायको जानकी सुपातले तांदूळ निवडत होती. मोटार बघून तिच्या हातातले सूप खाली आले.

“कोण गेलो?” तिने विचारले. घरच्या बाईला न्यायला मोटार येते ती कोणाच्या मरणालाच, एवढेच तिला ठाऊक होते.

“कोण नाय गो. चल, गाडयेत बस.”

“माका? कित्याक?”

धोंडूने इकडेतिकडे पाहिले. सांगायचे तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. “गाडी खंय वाजता ता बघूचा आसा. माका... माका बारीक आवाज ऐकाक येणत नाय.”

जानकीने पदराला हात पुसले. “माका म्हायत आसा.”

“कधीपासना?”

“बोटीरसून इलास तेव्हापासना. पाठसून हाक मारलंय तर तुमी कधी वळाक नाय. म्हणान तर मी पुढ्यात येवन बोलतंय.”

बायको तोंडासमोर येऊन बोलते हे धोंडूच्या ध्यानात आले होते. वयाबरोबर बाई धीट झाली, असा त्याने त्याचा अर्थ लावला होता. आता त्याला लाज वाटली आणि बरेही वाटले.

जानकीने आधी पाय धुतले, मगच गाडीत पाऊल टाकले, आणि सीट सोडून खाली बसली. धोंडूने दोनदा सांगितल्यावर ती सीटवर सरकली. तिच्या अंबाड्यात सकाळी ओवलेला सुरंगीच्या कळ्यांचा वळेसर होता. काचा बंद केल्या तसा वास गाडीभर झाला.

आवाज झाला की तिने त्याच्या खांद्यावर टिचकी मारायची, असे ठरले. आरवलीपर्यंत एकही टिचकी पडली नाही. वळणावर पडली. मग पुढच्या वळणावर. गाडी फिरवून तो पुन्हा त्याच वळणावर आला, तेव्हा जानकी सीटवर गुडघे टेकून, उलटी होऊन, मागच्या काचेला कान लावून बसली होती. त्याने गाडी थांबवली आणि वळून तिच्याकडे पाहिले.

“हयसर! दाराचो नाय, ह्या काचेचो. ही पट्टी लाकडार घासता.”

धोंडूने इंजिन चालूच ठेवून तिथे बोट ठेवले. बोटाला थरथर लागली, अगदी बारीक. त्याने रस्त्याकडेला गळून पडलेली पोफळीची विरी, झावळीच्या बुडचे ते चामड्यासारखे आवरण, उचलली, तिची नखाएवढी पातळ पट्टी कापून फटीत सारली. वळण पुन्हा घेतले. टिचकी पडली नाही.

बुधवारी शेट वेंगुर्ल्याला गेले आणि आले. आरवलीच्या वळणावर त्यांनी मान पुढे काढली, डोळे मिटले. काही नाही. परत येताना पुन्हा तेच. आवाज नाही म्हटल्यावर शेटांना करमेना. ते नाकाने हुंगू लागले.

“सत्यानाश! गाडीला वास कसला मारतोय?” त्यांनी सीटच्या फटीत हात घातला. हातात सुरंगीची सुकी कळी आली. “काय रे, गाडी सुरंगीच्या झाडाखाली लावली होतीस ना? हजारदा सांगितलं तुला.”

होय शेट, एवढेच म्हणायचे होते. दोन वर्षांत तो दुसरे काही बोललाच नव्हता.

धोंडूने गाडी कडेला घेतली. “नाही शेट. माझी बायको बसली होती. आवाज तिनं शोधला. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, बोटीवर गेले ते.”

शेट कळीकडे बघत राहिले. पुण्याची मराठी कुठल्या कुठे गेली. “आनी ह्या माका आता सांगतस? बहिऱ्याच्या हातात माजी गाडी?”

“होय शेट.”

“चावी दी.”

पण शेटांना गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे चावी काढायची ती दारात पोचल्यावरच. तोवरच्या वाटेवर धोंडूने एकही खड्डा लागू दिला नाही.

चावी देताना तो म्हणाला, “काचेला विरीची पट्टी लावलीय शेट. पावसात फुगेल. नव्या ड्रायव्हरला दिवाळीनंतर बदलायला सांगा.”

घरी तो चालत आला. जानकीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “झाडाचा म्हटला असतास तर काय बिघाडला असता? शेटान् सोताच तुमका वाट दाखवलेली.”

“आवाज तू शोधलंस,” धोंडू म्हणाला. “झाडाचा नाव कित्याक सांगू?”

जानकी उठली आणि पेज वाढायला आत गेली.