बूटवाल्या बैलाचं तोंड

मित्रांनो, मी एक बूटवाला बैल आहे. हसू नका, हसायचं काम माझं आहे. अंग निळं, शिंगावर चिमणी, चारही पायांत लाल बूट आणि जबडा हा एवढा उघडा. पण घडलो तेव्हा मला तोंडच नव्हतं, नुसती रेघ होती.

नगरला सावेडीत रेश्माताईंच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे त्या मातीची गमतीदार जनावरं घडवून भट्टीत भाजतात. मलाही त्यांनी आतून पोकळ ठेवलं आणि पोटाखाली बारीक भोक पाडलं. भट्टीत आतली वाफ तिथून बाहेर पडते. वाट मिळाली नाही, तर जनावर फुटतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं.

तेव्हा सोनईहून त्यांच्या सासूबाई मालनबाई आल्या होत्या. पोळ्याचे मातीचे बैल करण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पण ते बैल उन्हातच वाळायचे, भट्टी त्यांना ठाऊक नव्हती. माझ्या पोटाचं भोक पाहून त्यांचा जीव कळवळला. सून घरात गेली तेवढ्यात त्यांनी ओली माती लावून ते बुजवलं आणि बोट असं फिरवलं, की खूणही राहिली नाही. मी घाबरून अर्धा झालो. पण सांगणार कसा?

मी वाळलो, भट्टी भरायचा दिवस आला. आत मांजरी, कोंबड्या, चष्मेवाला उंट आधीच बसले होते. रेश्माताईंनी मला उचललं, तशा मालनबाई कौतुकानं म्हणाल्या, "पोटाचं भोक म्या बुजीवलंय बरं का. मुक्या जनावराला जखम दिसत हुती."

रेश्माताईंनी मला उलटं करून पोट पाहिलं. वाफेचं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. मालनबाईंचा चेहरा उतरला. सुनेची एवढी मेहनत आपल्या हातून मातीत जाणार होती! रेश्माताईंनी भोक पाडायला तार घेतली, तोच मालनबाईंनी त्यांचा हात धरला.

"पोटाला नगं, पोरी. त्याचं तोंडच उघड की. हसू दे त्याला."

रेश्माताई खुदकन हसल्या. ओल्या फडक्यानं माझ्या तोंडाची रेघ मऊ करून त्यांनी हळूहळू पार आतल्या पोकळीपर्यंत तोंड कोरलं. मग पुन्हा वाळून मी भट्टीत गेलो आणि सगळ्यांसह धडधाकट बाहेर आलो. तो आनंद काय सांगू!

मित्रांनो, आम्हाला जपून हाताळा. आणि ज्याच्यावर माया कराल, त्याच्या आतल्या वाफेला वाट ठेवा.

पोळ्याला मी मालनबाईंनी घडवलेल्या बैलांसोबत पाटावर बसतो. त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य नुसता दाखवतात. मालनबाई माझ्या मात्र तोंडात घास घालतात.