नवी वायर

“बाबा, शूऽ! गाणं चाललंय!” दादा डोळे न उघडताच खेकसला.

वडील दारातच थबकले. “चहा झाला का रे?” एवढंच त्यांनी विचारलं होतं, पण कानांनी दगा दिल्यापासून त्यांचा आवाज चढाच लागायचा. सोफ्यावरच्या दोघा मित्रांनी तोंडं वाकडी केली. धाकट्या बहिणीनं वडिलांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बसवलं.

ती रुग्णालयात लोकांचे कान तपासायची. वडिलांना कानाचं यंत्र घेऊ या, म्हणून वर्षभर ती दादाच्या मागे लागली होती. अर्धे पैसे द्यायलाही तयार होती. त्याचं उत्तर ठरलेलं. “आता या वयात कशाला? दोन दिवस घालतील नि कपाटात टाकतील.”

आज त्यानं बोलावलं होतं ते नवी वायर ऐकायला. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत गेलेली, मनगटाएवढी जाड, अजगरासारखी जमिनीवर पसरलेली. दादानं किंमत सांगितली तेव्हा तिनं मनात हिशेब केला. तेवढ्या पैशांत वडिलांच्या दोन्ही कानांची सोय झाली असती.

ती बाहेर आली तसं दादानं विचारलं, “ऐकलास फरक? पडदा दूर झाल्यासारखं वाटतं की नाही?”

“मला नाही जाणवला.”

“मलाही नाही,” चष्मेवाला मित्र म्हणाला. “वायर ती वायर. पैसे गटारात घातलेस तू.”

“कान तयार असावे लागतात,” दादा उखडला. “दारू नाही, सिगारेट नाही, एवढी एकच हौस आहे मला. माझ्या कष्टाचा पैसा. कुणाच्या बापाचं काय जातं?”

बापाचंच जातंय, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. ते गिळून ती आत गेली आणि पर्समधली डबी काढली. रुग्णालयातून एका दिवसापुरतं मागून आणलेलं यंत्र तिनं वडिलांच्या कानात बसवलं.

वडील दचकले. “हे काय घरघरतंय?”

“फ्रिज.”

“रोज असाच ओरडतो हा?” ते हसले. मग कितीतरी दिवसांनी हळू आवाजात म्हणाले, “तुझा आवाज तुझ्या आईसारखा झालाय गं.”

तेवढ्यात बाहेरचं गाणं संपलं आणि दादाचा आवाज स्पष्ट आत आला.

“म्हाताऱ्याचं काय घेऊन बसलात! त्याच्यावर खर्च करायचा म्हणजे भिंतीवर खर्च करायचा. वायर निदान वाजते तरी!”

दोघेही हसले. चष्मेवालासुद्धा.

धाकटी ताडकन उठली. वडिलांनी तिचं मनगट धरलं आणि मान हलवली.

दादा चहाचा ट्रे न्यायला आत आला. यंत्र पाहून जरा चपापला. मग सवयीनं वाकून वडिलांच्या कानाशी ओरडला, “काय बाबा? येतंय का ऐकू?”

वडील त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कानामागे हात धरला.

“काय म्हणालास?”

“बघ! सांगत नव्हतो मी?” दादाचा चेहरा एकदम मोकळा झाला. बहिणीच्या पाठीवर थाप मारून, ट्रे उचलून तो निघून गेला. थाप पडली तिथून तिच्या अंगभर शिसारी पसरली. त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या सुटकेचीच तिला जास्त किळस आली.

“काढू का, बाबा?”

“नको. जरा खाली जाऊन येऊ. बाहेर काय काय वाजतं ते बघू.”

दोघं जिन्यात आली. तीन-चार पायऱ्या उतरल्यावर वडील थांबले आणि खाली बघू लागले.

“माझ्या चपला केवढ्या वाजतात गं,” ते ओशाळून म्हणाले. “लोकांना त्रास होत असेल.”

आणि कठड्याला धरून, चवड्यांवर भार देत, ते आवाज न करता एकेक पायरी उतरू लागले.