निम्मं तुझ्यासाठी

पट्टी लावली तर सहा मिलिमीटर भरले. औषध जिरवलेली ती पांढरी कागदी चकती मुळात तेवढ्याच रुंदीची. म्हणजे तिच्याभोवती जंतू मेल्याचं कडं पडलंच नव्हतं. जंतूंचे करडे, दवासारखे ठिपके थेट तिच्या काठाला येऊन टेकले होते, कुंपणाला गुरं टेकतात तसे. पेनिसिलिनचं त्यांना काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. शेजारच्या, एरवी गोळी म्हणून देतात त्या औषधाचीही तीच गत. फक्त पलीकडे, इंजेक्शनच्या औषधाभोवती, स्वच्छ रुंद कडं उमटलं होतं.

नेनिताने काचेची बशी टेबलावर ठेवली आणि झाकण पालथं घातलं. झाकणावर नाव नव्हतं, नुसता एक त्रिकोण काढलेला होता.

बंदरालगतच्या या दवाखान्यात ती कित्येक वर्षं गुप्तरोगांच्या जंतूंच्या बश्या लावत होती. हे जंतू नाजूक. बश्या मोठ्या बरणीत ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. ज्योत विझते, आणि मागे उरलेल्या कोंदट हवेत ते सुखाने वाढतात. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांसाठी मेणबत्त्या लावल्या होत्या. ही बशी तिची स्वतःची होती.

"काय गं इंदाय, नवस बोलतेयस का त्या बशीला?" मानांग पुरिंग दारात उभ्या होत्या. वयाने सगळ्यांत मोठ्या नर्स, म्हणून डॉक्टरांसकट सगळे त्यांना मानांग, म्हणजे ताईच, म्हणत, आणि त्या प्रत्येक पोरीला इंदाय. "परत हट्टी निघाला?"

"हट्टी. गोळ्यांना अजिबात दाद देत नाहीये."

"इंजेक्शनला?"

"देतोय. अजून तरी."

"मग देऊन टाकू की. कुणाची आहे?"

"नाव नाही त्यावर."

"बिननावाच्या माणसाला सुई टोचू कुठे मी? भिंतीला?" मानांग आत आल्या, चष्मा खाली ओढून झाकण न्याहाळू लागल्या. "त्या बाईला म्हणावं, एकटी येऊ नकोस. नवऱ्याचा कान धरून आण. एकट्या बायकोला दिलं की आठवडाभरात नवरा तिला परत आहेर करतो."

"बाई कशावरून?"

"इतका नीट त्रिकोण पुरुष काढतो होय?" त्यांनी चष्मा वर सरकवला. मग हसू आवरून, जरा हळू म्हणाल्या, "आणि म्हणावं, उशीर करू नकोस. वर चढलं की गर्भाच्या नळ्या चिकटतात. मूल हवं असेल तिला, तर उशीर नको."

नेनिताने मान हलवली. मानांग जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

घरी जाताना जीपनीत बसलं की नेनिताचा निश्चय पक्का व्हायचा. आज सेल्मोला सांगायचं. वाक्यंही तयार असायची. मग चर्चपाशी उतरायचं, कोपऱ्यावर वळायचं, खिडकीतून त्याचं शीळ घालणं ऐकू यायचं, आणि वाक्यं जीपनीतच राहून जायची. त्याला लवकरच पुन्हा जहाजावर जायचं होतं. वर्षातले थोडे महिने तो घरी, बाकीचे पाण्यावर. त्या थोड्या महिन्यांत ती दोघं एका मुलाची वाट पाहत, आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळत. बंदरांविषयी ती कधी विचारत नसे, तो कधी सांगत नसे. या गल्लीतल्या निम्म्या घरांत हाच रिवाज होता. तो कुणी घालून दिला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

सेल्मो स्वयंपाकघरात होता. चुलीवर तूर, फणस आणि डुकराच्या मांसाचा रस्सा रटरटत होता. ओट्यावर तासून ठेवलेलं शहाळं.

"आलीस? आधी हे पी. मग बोल."

"रोज काय शहाळं?"

"रोज उन्हाळी लागते ना तुला? मला काय कळत नाही? मोरीतून बाहेर येतेस तेव्हा तोंड बघ स्वतःचं. आमचा कॅप्टन हिशेब चुकला की तसंच करायचा."

तिला हसू आलं. त्याचाच तिला राग आला. ती शहाळं प्यायली.

जेवण झाल्यावर त्याने आंबा कापला. गिमारास बेटावरचा, घट्ट, केशरी. एक फाक तिला, एक त्याला. कोय दोघांत, आधी तिने एक बाजू चोखायची, मग त्याने दुसरी. लग्न झाल्यापासून असंच. पावाचेही दोन तुकडे, छत्रीही दोघांत एक. शेजारीण म्हणायची, या दोघांना ताप आला तरी निम्मा निम्मा वाटून घेतील.

कोय तिच्या हातात देऊन सेल्मो उठला. आत जाऊन आला तेव्हा त्याच्या मुठीत काहीतरी होतं. ते त्याने तिच्या बशीशेजारी ठेवलं. पाकिटाचा कापलेला तुकडा. आत लाल-पिवळ्या कॅप्सूल.

"घे. उन्हाळी जाईल याने."

नेनिता त्याकडे बघत राहिली. अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनचंच भावंड.

"कुठून आणल्यास?"

"जहाजावर मुन्योसने दिल्या. घरी यायच्या आधी सगळेच घेतात." त्याचा आवाज बारीक झाला. "मला... थोडा त्रास झाला होता, माझ्या लांगा. दोन दिवसांत गेला. मग म्हटलं, उरलेल्या आपण एकट्यानेच का खायच्या. तुला लागल्याच तर असाव्यात. निम्म्या तुझ्यासाठी ठेवल्या."

नेनिताने कोय बशीत ठेवली.

"म्हणजे तुला वाटत होतं, मला लागण होईल."

"भीती वाटत होती. वाटत नव्हतं." त्याने मान खाली घातली. "एकदाच गं. पण एकदा म्हणजे काही शून्य नाही, हे मलाही कळतं. ओरड ना. भांडं फेक एखादं. मी मोजकीच ठेवलीयेत ओट्यावर, जड आहेत ती उचलून ठेवली."

तिला रडू येत होतं आणि ओट्याकडे पाहून हसूही. खरंच, खलबत्ता जागेवर नव्हता.

कॅप्सूल तिने हातात घेतल्या. पाकीट कात्रीने अगदी सरळ कापलेलं होतं, आंब्यासारखंच, कुणाला कमी-जास्त नको म्हणून. त्रास गेला होता, जंतू नव्हते गेले. ते या कॅप्सूलना केव्हाच सरावलेले होते. त्यांचा हट्ट काही या घरात जन्मला नव्हता. कितीतरी बंदरांतून, कितीतरी निम्म्या पाकिटांतून शिकत शिकत ते इथवर आले होते. सबंध पाकीट खाल्लं असतं तरी या जंतूंपुढे त्याचा निभाव लागला नसता. हे सगळं ती त्याला समजावू शकली असती. चकती, कडं, मेणबत्ती, सगळं. ते नंतर.

"बंदराचं नाव सांगू नकोस," ती म्हणाली. "आज नको. पण मी विचारणार आहे, सेल्मो. यापुढे दर वेळी विचारणार आहे."

"विचार."

"आणि मला लागण झालेली आहे. मी तपासलंय. त्या बशीवर नाव घालायची हिंमत नव्हती माझी, एवढंच."

त्याने खुर्चीचा काठ घट्ट धरला. "मूल?" एवढंच तो म्हणाला.

"अजून उशीर झालेला नसावा."

नेनिता उठली. कॅप्सूल कागदात गुंडाळून तिने आपल्या पिशवीत टाकल्या. मग कोयीची चिकट बोटं तशीच ठेवून तिने त्याचा हात धरला.

"उद्या सकाळी तू माझ्याबरोबर दवाखान्यात येणार आहेस. पुढच्या दारातून, मानांग पुरिंगसमोर. दोघांची नावं मी माझ्या हाताने लिहिणार, पूर्ण. आणि तिथे निम्मं निम्मं नाही. एक सबंध सुई तुला, एक सबंध मला."