लेथवर

फुजैल सोळा वर्षं मस्कतला एका वर्कशॉपमध्ये ‘लेथवर’ होता. पहिल्याच महिन्यात फोनवर त्याने हा शब्द वापरला, आणि तसं पाहिलं तर खोटं काहीच बोलला नाही. धातू कातणाऱ्या लेथखाली साचलेला लोखंडाचा किस झाडायचा, मशीन पुसायचं, तेलाचे डाग काढायचे, म्हणजे लेथवरच की. पण त्याच्या बायकोने, हलीमाने, त्यातून मिस्त्री काढला. तिने आपल्या आईला सांगितलं, आईने अख्ख्या मोहल्ल्याला. मग आता कोणत्या तोंडाने सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत गडी गप्प बसला.

आणि तो कायमचा पनवेलला परतला, तर बाईने काय करून ठेवावं? त्याने पाठवलेल्या पैशांतून गाळा घेतला, टेबलावर मावेल असा लेथ आणून ठेवला, वर गव्हाणच्या कमलाकरांचं पहिलं कामही घेतलं. पंपाच्या दांड्यावर बसणारा नळीसारखा पितळी बुश, चार वाजता न्यायला येणार. आज ते पितळ नाही, आपलंच पितळ उघडं पडणार, हे फुजैलला सकाळीच कळून चुकलं.

“मलाही शिकवा,” ओढणी खोचून हलीमा उभी राहिली. “हे काय?”

“हेडस्टॉक. मोटरचा फेरा यात येतो. पुढे हा चक, तीन जबड्यांनी जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, धरून फिरवतो.”

“आणि त्या टोकाला?”

“टेलस्टॉक. लांब जॉबला मागून टेकू. मधे सरकतं ते कॅरेज, त्यावर टूल पोस्ट. कापायचं हत्यार तिथे बांधतात. आणि हे सगळं या खालच्या बेडवर.”

नावं बिनचूक आली. सोळा वर्षं कानावर पडली तर कोणाचीही पाठ होतील.

त्याने बेडवर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका कडेला. मस्कतला फिटर लोक लेथच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवायचे, ते त्याने झाडू टेकून पाहिलं होतं. पत्रा सरकवला, बुडबुडा दुसऱ्या कडेला गेला. पत्रा बदलला. नट आवळला की बुडबुडा पुन्हा हलायचा. असं करता करता तीन वाजले.

“एवढा वेळ लागतो?”

“बेड पिळला तर जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक होतो.”

हे खरंच होतं. पण त्याच्या आडून तो वेळ काढत होता, आणि मनातल्या मनात म्हणत होता, कमलाकर न आले तर बरं.

चारला दहा कमी असताना हलीमाने कमलाकरांनी दिलेला पितळेचा तुकडा चकमध्ये घातला आणि त्याने सांगितलं तशी चकची चावी फिरवून आवळला. “चालू करू?” म्हणत तिचा हात बटणाकडे गेला. चावी चकमध्येच होती.

फुजैलने तिचं मनगट धरून मागे खेचलं.

“आधी चावी काढ. तशीच चालू केलीस तर उडून तोंडावर बसते. तिकडे एकाचं कपाळ फुटलं होतं. सगळं रक्त मी पुसलंय.”

हलीमा त्याच्याकडे वळली. “मिस्त्री असून तुम्ही का पुसलंत?”

झालं. फुजैलने तिचं मनगट सोडलं.

“मी मिस्त्री नव्हतो,” तो म्हणाला. “झाडू मारत होतो. पहिल्या दिवसापासून.”

चावी काढून तिने टेबलावर ठेवली. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली.

“झाला का बुश?” कमलाकर आत आले. “आमचा पंप बंद हाय.”

“नाही झाला,” हलीमा म्हणाली. “यांना लेथ येत नाही. पळस्प्याला झकेरियाचाचांचा लेथ आहे, ते आजच करून देतील.”

कमलाकरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, हलीमाने चकमधून सोडवून दिलेला पितळेचा तुकडा खिशात टाकला आणि निघून गेले. ज्या वाक्याच्या भीतीने फुजैलने सोळा वर्षं झोप घालवली, ते बोलून झालं होतं. त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. आता ती ओरडेल म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

हलीमा स्टुलावर बसली.

“पगार झाडूवाल्याचा,” ती हळूच म्हणाली, “आणि घर मिस्त्रीचं असावं तसं चालवलंत. मग तिकडे तुम्ही खात काय होतात?”