आवाज बंद करून पाहिलेला सिनेमा

बाळाला झोपवायला मला अर्धी दुपार लागते आणि उठवायला एक चमचा पडला तरी पुरतो. म्हणून आमच्याकडे दुपारचा टीव्ही लागतो तो आवाज बंद करूनच.

त्या दिवशी थोरलीने, म्हणजे आमच्या टिटवीने, हॅलोविनचा सिनेमा लावायचा हट्ट धरला. भुतांचा, पण हसवणारा. मी पडदे ओढले. बाळ आतल्या खोलीत, टिटवी माझ्या मांडीत आणि मागे खुर्चीत माझे सासरे, अण्णा.

अण्णांनी जन्मभर बसस्टँडवर गाड्या पुकारल्या. आवाज असा खणखणीत, की बाकावर पेंगणारी माणसं ताडकन उठून भलत्याच गाडीकडे पळायची. मागच्या महिन्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. उरली खरखर, लोखंडी पेटी फरशीवरून ओढल्यासारखी. दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी दारातूनच नातीला हाक मारली, तर ती किंचाळून टेबलाखाली शिरली. "हे आपले अण्णा नाहीत!"

तेव्हापासून अण्णा घरात बोललेच नाहीत. पाणी हवं असलं की पेला दाखवायचे. रविवारी कायमचं माझ्या नणंदेकडे राहायला जायचं, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "पोर आहे, होईल सवय," असं नवरा किती वेळा म्हणाला! अण्णांनी नुसती मान हलवली. मला मात्र धास्ती होती, की अण्णा जातील आणि टिटवीच्या मनातली भीती तेवढी इथेच मुक्काम ठोकेल.

सिनेमा सुरू झाला. काळोख्या टेकडीवर एक गाव. एका पायरीवर डोळे-दात कोरलेला भोपळा आतून उजळला, मग शेजारचा, मग त्याच्या पुढचा, आणि बघता बघता दातपडक्या केशरी हसण्यांनी अख्खी टेकडी पेटून उठली. टिटवीचा आ वासलेला. माझाही. मग कबरींतून सांगाडे निघाले, गावाला घाबरवायला. गावकऱ्यांना वाटलं, सोंगं घेतलेली मुलंच आहेत. त्यांनी सांगाड्यांच्या हातात गोळ्या-चॉकलेटं कोंबली. थोरल्या सांगाड्याने रागाने तोंड उघडलं.

"आई, काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय... मी तुम्हाला खाऊन टाकीन."

"हॅ! तू औषध पाजताना बोलतेस तसं बोललीस."

मी घसा जाड करून पाहिला. "श्शू! बाळ उठेल," असं टिटवीने वर मलाच ऐकवलं.

तेवढ्यात मागून खरखर आली. "प्रवाशांनी... कृपया लक्ष द्यावे."

टिटवीची नखं माझ्या दंडात रुतली. मी मागे वळले नाही.

"कबरस्तानातून येणारी... हाडांची गाडी... जबडा निखळल्यामुळे... उशिराने धावत आहे."

पडद्यावर सांगाड्याचा जबडा खरंच गळून पडला आणि एक कुत्रा तो घेऊन पसार झाला.

"ज्या कुत्र्याला जबडा सापडला असेल... त्याने तो चौकशीच्या खिडकीवर द्यावा. वाटेत... चघळू नये."

मी लेकीच्या तोंडाकडे पाहत होते. तिला जन्मताना पाहिलं, त्यानंतर असं काही पाहिलं नव्हतं. भीती आणि हसू, दोघंही एकाच वेळी त्या एवढ्याशा चेहऱ्यातून बाहेर पडायला धडपडत होती. ओठ थरथरले, डोळे भरले. आणि हसू आधी सुटलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

मग ती माझ्या मांडीवरून घसरली. नजर टीव्हीवरच ठेवून मागे मागे सरकत गेली आणि तिची पाठ अण्णांच्या गुडघ्यांना टेकली.

"आता धाकट्या सांगाड्याचं बोला. त्याला रडू येतंय."

अण्णा जरा पुढे वाकले. मग तीच खरखर इतकी मऊ झाली, की मी थक्क झाले. "आई गं... माझं डोकं... कोणीतरी भोपळा समजून नेलं!"

टिटवी अशी खिदळली, की आत बाळ भोकाड पसरून जागं झालं. मी त्याला उचलून आणलं. आता कशाला लपवाछपवी, म्हणून टीव्हीचा आवाजही वाढवला. सांगाडा बोलू लागला, कुठल्याशा नटाच्या गुळगुळीत, भारदस्त आवाजात.

"ए आई, बंद कर त्याला! त्याला काही येत नाही. अण्णांना बोलू दे!"

मी मुकाट्याने आवाज बंद केला. टिटवी आता खुर्चीवर चढली होती. अण्णांच्या गळ्यावरच्या ताज्या व्रणाशेजारी तिने हात सपाट ठेवला आणि वाट पाहू लागली.

"सूनबाई," अण्णा म्हणाले. कितीतरी दिवसांनी मला मारलेली हाक. "रविवारचं... रद्द म्हणून कळव."

"हलतंय!" टिटवी कुजबुजली. तिचे डोळे भोपळ्यांहून लखलखत होते. "आई, बोलले की आत हलतं! तू पण हात लाव ना."