बापाले कोण तू म्हणते?

माझी सासू देवाला अहो म्हणायची. देवाला कुणी अहो म्हणतं का? विठोबापासून येशूपर्यंत सगळ्यांना आपण अरे-तुरेच करतो. पण मनकर्णाबाईंचं सगळंच वेगळं. कुहीकडच्या खेड्यातून त्या नवऱ्यामागे नागपूरला आल्या, मिशनच्या आवारात राहिल्या आणि दोघांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हाच्या पाळकांनी सांगितलं की देव आपला बाप आहे. बाईंनी ते मनापासून धरलं. बाप म्हटला की डोक्यावर पदर आला, चपला दाराबाहेर राहिल्या आणि तोंडातून 'तुमी' निघालं.

सकाळी चूल पेटवण्याआधी त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, सासरे घरात आल्यावर सुना उभ्या राहतात तशा. "बापाजी, तुमाले तं माहीतच हाय," अशी सुरुवात. मग मुकुंदचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव, मग माझं. आवाज खाली, मागणं थोडं. मी जन्माची ख्रिस्ती, पण इतकं दबून मी देवापुढे कधी उभी राहिले नाही. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर हेवा वाटायला लागला.

एकाहत्तर साली नवे पाळक आले आणि त्यांच्याबरोबर पाद्रीणबाई आली. तोंडावर मी तिला अहोच म्हणायची, माघारी तीच म्हणते. पुण्याकडची, शिकलेली, मनाने वाईट नव्हे. पण दुसऱ्याची प्रार्थना दुरुस्त करायची भारी हौस. बुधवारच्या बायकांच्या सभेत सासूबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या, 'तुमी' म्हणाल्या आणि दोघी-तिघी पदराआड हसल्या. सभा सुटल्यावर पाद्रीणबाईने त्यांना जवळ बसवून समजावलं की देव इतका जवळचा आहे, त्याला तू म्हणावं.

"मायले तू म्हणते, बाई," सासूबाई म्हणाल्या. "बापाले कोण तू म्हणते? तुमी म्हणता का तुमच्या बापाले?"

तीही आपल्या वडिलांना अहोच म्हणत असणार, कारण त्या प्रश्नाला तिने बगल दिली. पण शिकलेलं माणूस एवढ्यावर थांबत नाही. हे देवाचं भय नव्हे, ही सासुरवाशिणीची भीती आहे, आणि भिऊन केलेली प्रार्थना उंबरठ्यावरच राहते, असं तिने सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'बापाजी, तुमी'. पुढे वर्षभर तिने त्यांचा पिच्छा पुरवला. सासूबाईंनी ऐकून घेतलं, बदललं काही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुकुंदला कावीळ झाली. मिलमधून आला तो पिवळे डोळे घेऊनच. आधी उसाचा रस झाला, मग कुणाचं तरी झाडपाल्याचं औषध, मग दवाखाना. तोवर तो भ्रमात बोलायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडून होईल ते करतो आहोत, बाकी देवावर सोडा. सासूबाई पलंगाशेजारी उभ्याच होत्या, अनवाणी, पदर जरासुद्धा न ढळता. मागणं तेच, खालच्या आवाजात. तुमची मर्जी असेल तर.

दुपारी पाद्रीणबाई मोसंबी घेऊन आली. तिने त्यांना व्हरांड्यात नेलं, मी मागे गेले.

"मनकर्णाबाई, मुलगा जायला बसलाय आणि तुम्ही मर्जी कसली विचारता?" ती म्हणाली. "लेकरासारखं मागा. एकदा तू म्हणून तर बघा. तो ऐकेल."

तो ऐकेल! असा शब्द कुणी कुणाला द्यावा का?

सासूबाई परत पलंगाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दिवस कलला तेव्हा त्यांनी पदर खांद्यावर घेतला. त्यांचं डोकं मी तोवर कधी उघडं पाहिलं नव्हतं. पलंगाचा दांडा धरून त्या म्हणाल्या, "अरे बापा, ऐक. तू माह्या पोराले राहू दे. राहू दे न रे." 'रे' म्हणताना त्यांनी डोळे मिटून घेतले, आता कुणीतरी तोंडात मारणार अशा धास्तीने.

मुकुंद दुसऱ्या दिवशी गेला.

माती झाल्यावर पाद्रीणबाई घरी आली. देवाची इच्छा, म्हणाली. सासूबाईंनी तिला बसायला दिलं, चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "चूक माहीच हाय, बाई. लेकराच्या लोभानं मी त्याइले अरे-तुरे केलं."

ती कासावीस झाली. अहो, देव एवढ्याशा शब्दावरून रागावत नाही, असं पुन्हा पुन्हा सांगायला लागली.

"मग एवढ्याशा शब्दासाठी तुम्ही वर्षभर यांच्या मागे का लागला होतात?" मी विचारलं.

चहा तसाच ठेवून ती गेली. सासूबाईंनी उलट मलाच दटावलं, दारी आलेल्या माणसाला असं बोलतात का म्हणून.

आता त्या पुन्हा रोज सकाळी भिंतीपुढे उभ्या राहतात. मागणं काहीच नाही, नुसती माफी. चुकलं बापाजी, चुकलं. ज्याने पोर नेलं त्याचीच माफी! माझ्या अंगाची आग होते. मी रविवारी मिशनच्या देवळात जाते, बाकावर बसते, पण तोंड उघडत नाही. उघडलं तर जे निघेल ते तिथे बोलण्यासारखं नाही. एका सकाळी मला राहवलं नाही. मी त्यांना मध्येच थांबवलं. म्हटलं, आत्याबाई, माफी कसली मागता, भांडा त्याच्याशी, तुमचा हक्क आहे.

त्यांनी पदर नीट केला.

"कशी भांडू वं?" त्या म्हणाल्या. "पोरगं आता त्याइच्या घरी हाय. लेक दिल्यावर व्याह्यापुढं तोंड वर करून बोलता येते का? मी इथून वाकडं बोलली, न त्याइनं तिथं मुकुंदाले बोलून दाखवलं, मंग?"